गवताच्या पोटातली बुरशी बाहेर काढताना: कुठं चुकतं आणि कोणत्या क्रमानं करायचं

गणपती झाले, पाऊस ओसरला, की आमच्याकडं प्रोजेक्टवाल्या पोरापोरींची रीघ लागते. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये प्लेटचा फोटो. "सर, साठ तुकडं लावलं हुतं, साठातनंबी बुरशी आलीया!" चेहरा फुललेला. मी एकच विचारतो, "कंट्रोलची प्लेट दाखव." कंट्रोल म्हणजे तुकडा न लावलेली, तुलनेसाठीची प्लेट. ती नसतेच. असली तर तिच्यावरही तीच काळी-हिरवी बुरशी निवांत पसरलेली असते.

एंडोफाइट म्हणजे वनस्पतीच्या आत, बहुतेक वेळा पेशींच्या मधल्या फटींत राहणारी आणि तिथं असताना वरून रोगाचं लक्षण न दाखवणारी बुरशी. पानावर बसलेले बीजाणू एंडोफाइट नव्हेत. बाहेरची बुरशी आणि आतली बुरशी यांच्यामध्ये पानाची एक पातळ त्वचा, एवढंच अंतर. पुढं जे काही सांगतोय ते सगळं त्या त्वचेच्या दोन बाजू एकमेकींत मिसळू न देण्यासाठी आहे. वनस्पतीशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रोजेक्ट करणारे, आणि उसावर काम करणारे काही शेतकरी-अभ्यासक, यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

सुरुवातीआधी दोन गैरसमज

पहिला पुस्तकातून येतो. गवत आणि बुरशीच्या दोस्तीचं ठरलेलं उदाहरण म्हणजे टॉल फेस्क्यू आणि रायग्रास या गवतांतली एपिक्लोई. जुन्या पुस्तकांत हिचं नाव निओटायफोडियम असं असतं. ती बियांतून आईकडून पोरीकडं जाते. गवत तिला घर आणि साखर देतं, ती गवताला अल्कलॉइडं देते. त्यातलं पेरामिन किडींना दूर ठेवतं. अर्गोव्हॅलिन आणि लोलिट्रेम-बी मात्र चरणाऱ्या जनावरांना बाधतात. हे सगळं खरं आहे, पण ती थंड प्रदेशातली गवतं. आपली हरळी, कुसळी, मारवेल आणि ऊस ही उष्ण प्रदेशातली. त्यांच्यात एपिक्लोई शोधत बसू नका आणि 'आमच्या हरळीत एपिक्लोई सापडली' असं तर अजिबात लिहू नका. उष्ण प्रदेशातल्या गवतांवर तिची चुलत भावंडं आढळतात, बॅलन्सिया वगैरे. भाताची लोंबी उदबत्तीच्या काडीसारखी ताठ, करडी-पांढरी होऊन बाहेर पडते, तो उदबत्ता रोग याच कुळातल्या बुरशीचा. घाटाकडच्या भातशेतीतल्या जुन्या माणसांना हे नाव ठाऊक असतं.

आपल्या प्लेटवर येतात त्या बहुतेक फ्युजॅरियम, कर्व्ह्युलॅरिया, निग्रोस्पोरा, अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, कोलेटोट्रायकम. यातल्या बऱ्याच हवेतून, पावसाच्या थेंबांतून पानावर येतात आणि मग आत शिरतात. म्हणजे आत सापडणारी आणि बाहेर बसलेली बुरशी एकाच प्रजातीची असू शकते. बुरशीचं नाव कळलं म्हणून ती आतली होती हे सिद्ध होत नाही, ते इथंच लक्षात ठेवा.

दुसरा गैरसमज मायकोरायझाचा, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीचा. 'मुळांतून मायकोरायझा वेगळी करून पीडीएवर वाढवली' असं वाक्य मी दर दोन वर्षांनी वाचतो. गवताच्या मुळांतली आर्बस्क्युलर मायकोरायझा पीडीएवर, म्हणजे प्लेटमधल्या बटाटा-साखर-अगरच्या माध्यमावर, वाढत नाही. तिला जिवंत मूळ लागतं. मुळाच्या तुकड्यातून प्लेटवर जे आलं ते दुसरं काहीतरी आहे.

टप्पा १: गवत कोणतं, कुठलं, कधीचं

आधी ते गवत आहे का बघा. लव्हाळा गवतासारखा दिसतो पण गवत नाही. त्याचं खोड बोटांत फिरवलं की तीन धारा लागतात. गवताचं खोड गोल किंवा चपटं, आणि त्याला पेरं असतात.

वेळ: सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जोराच्या पावसात गोळा केलेलं पान बीजाणूंनी आणि चिखलानं माखलेलं असतं, लॅबमधली हवाही दमट असते आणि प्लेटा आपोआप बुरसतात. पाऊस थांबून दोन-तीन दिवस कोरडे गेलेत असं बघून निघा. डिसेंबरनंतर डोंगरावरचं गवत वाळायला लागतं, आणि वाळत्या पानात कुजवणाऱ्या बुरश्यांची गर्दी होते.

ऊस घेणार असाल तर शेतकऱ्याला दोन प्रश्न विचारल्याशिवाय पान तोडू नका. बेणेप्रक्रियेत किंवा नंतर फवारणीत बुरशीनाशक वापरलं का? आणि ट्रायकोडर्मा (रोगाविरुद्ध शेतात घालतात ती बुरशी) सोडला का? आमच्याकडं एकानं उसाच्या मुळांतून ट्रायकोडर्मा काढला आणि 'उसाचा नैसर्गिक सोबती' म्हणून पाटी रंगवली. नंतर कळलं, मालकानं दोन महिन्यांपूर्वीच शेणखतातून तो घातला होता.

राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतलं गवत परवानगीशिवाय तोडायचं नाही. इतर पठारांवर, कुरणांत जाणार असाल तर जागा कुणाची ते आधी विचारा. मूठभर गवतासाठीसुद्धा.

टप्पा २: आधी प्लेटा, मग गवत

क्रमाची सर्वांत मोठी चूक इथं होते. रविवारी पन्हाळ्याकडं फिरायला गेले, येताना गवत आणलं, सोमवारी ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायचं यंत्र) बंद, मंगळवारी पीडीए संपलेलं. गुरुवारी जे लावलं जातं ते गवत नसतं, कंपोस्ट असतं. प्लेटा तयार होऊन तीन दिवस कोऱ्या राहिल्या, की मगच पिशवी घेऊन बाहेर पडायचं.

माध्यम: तयार पीडीए पावडर लिटरला ३९ ग्रॅम. भरभर वाढणाऱ्या बुरश्या हळू वाढणाऱ्यांना गिळतात, म्हणून निम्म्या ताकदीचं पीडीए केलं तरी चालतं. फक्त अगर वेगळं घालून घट्टपणा सांभाळा. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. मध्येच लाईट गेली तर उरलेली मिनिटं जोडून हिशोब पुरा करायचा नाही. दाब पुन्हा पूर्ण आल्यावर पहिल्यापासून १५ मिनिटं.

जिवाणू थांबवायला अँटिबायोटिक लागतं. क्लोरॅम्फेनिकॉल लिटरला १०० मिलिग्रॅम, हे उष्णता सोसतं, माध्यमात घालूनच ऑटोक्लेव्ह करता येतं. स्ट्रेप्टोमायसिन उष्णता सोसत नाही. ते माध्यम ५० अंशांच्या आसपास आल्यावर, गाळून निर्जंतुक केलेल्या द्रावणातून घालायचं. उलट केलं तर बाटलीवर नाव राहतं, औषध राहत नाही.

९ सेंटिमीटरच्या प्लेटला १५ ते २० मिलि. फार गरम ओतलं तर झाकणावर पाणी साचतं, तेच थेंब खाली पडून एका तुकड्याची बुरशी दुसऱ्याकडं नेतात.

तपासणी: ओतलेल्या सगळ्या प्लेटा उलट्या करून २८ अंशांना तीन दिवस ठेवा. जिच्यावर ठिपका आला ती बाद. शंभरात दहा बाद झाल्या तर नव्वद चांगल्या मिळाल्या असं समजू नका. ओतण्याची जागाच दूषित आहे.

टप्पा ३: गोळा करणं

हरळी जमिनीवर सरपटत, पेरापेराला मुळं धरत पसरते. त्यामुळं हाताच्या अंतरावरचे दहा झुपके म्हणजे दहा झाडं असतीलच असं नाही, एकच झाड दहा ठिकाणी डोकं वर काढत असेल. नमुन्यांत किमान दहा-पंधरा मीटरचं अंतर ठेवा. एका मैदानातून दहा झाडं, झाडाला सहा तुकडे, हे एका झाडाचे साठ तुकडे करण्यापेक्षा कितीतरी चांगलं. साठ तुकडे एकाच झाडाचे असतील तर तुमचा नमुना एक आहे, साठ नाही.

पान निवडताना वय सारखं ठेवा. बाहेरून येणाऱ्या बुरश्या काळानुसार साठत जातात, म्हणून खालचं जुनं पान आणि शेंड्याचं कोवळं पान यांची तुलनाच होत नाही. मी वरून तिसरं पूर्ण उघडलेलं पान घेतो, म्यानासकट. म्यान म्हणजे पानाचा खोडाला लपेटलेला खालचा भाग. डाग, किडीचं भोक, पिवळेपणा असलेलं पान नको.

झाड मुळासकट किंवा फांदी लांब तोडून घ्या, पानाचे तुकडे शेतात करू नका. कापलेल्या तोंडातून वाटेतच घाण आत जाते. कागदी पाकीट, त्यावर पेन्सिलीनं जागा, तारीख, झाडाचा नंबर. पेनाची शाई दवानं पसरते. पाकिटं पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पाकिटांवर. स्कूटरच्या डिकीत नको. नोव्हेंबरच्या दुपारीही तिथं गवत शिजतं.

२४ तासांत लावा. अडलंच तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणखी एक दिवस. फ्रीझरमध्ये नाही.

टप्पा ४: नळाखाली धुणं

कंटाळवाणं म्हणून सगळे हे उरकतात. वाहत्या पाण्याखाली निदान दहा मिनिटं. म्यान आणि पातं जिथं जुळतात तिथं एक पापुद्र्याची जीभ किंवा केसांची ओळ असते. माती, पाणी, बीजाणू सगळं तिथंच अडकतं. मऊ ब्रशनं ती जागा साफ करा. हरळीचं अरुंद पान आणि कुसळीचं पातं मधल्या शिरेवर दुमडलेलं असतं. ते बोटांनी उघडलं नाही तर घडीत हवेचा बुडबुडा राहतो आणि पुढचं कोणतंही रसायन तिथं पोचत नाही.

म्यान खोडावरून सोडवून वेगळं धुवा. उसात तर आतल्या बाजूला पांढरट भुकटी आणि कधी पिठ्या ढेकणाची वस्ती असते. तसलं म्यान टाकून द्या.

मग ४ ते ५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करा. लांबच हवेत. शेवटी लावायचा तुकडा अर्धा सेंटिमीटरचा असला तरी निर्जंतुक करताना लांब ठेवायचा, कारण क्लोरीन कापलेल्या तोंडांतून आत शिरून आतल्या बुरशीला मारतं. ती भाजलेली टोकं नंतर कापून टाकता येतात. आधीच बारीक तुकडे केले तर अख्खा तुकडाच टोक होतो. 'आमच्या गवतात एंडोफाइट नाहीतच' या निष्कर्षामागं बहुधा हेच असतं.

टप्पा ५: क्लोरीनची वेळ तुम्हीच शोधायची

या टप्प्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण चुकायला सगळ्यांत जास्त जागा इथंच.

पद्धतीच्या कागदावर 'सोडियम हायपोक्लोराइट, ३ मिनिटं' असं लिहिलेलं असतं. कुणाच्या गवतासाठी? ते काम कुणीतरी कुठल्या तरी रुंद, मऊ पानावर केलेलं असतं. गवताच्या पानावर मेण असतं, सिलिका असते, लव असते. हरळीला लागणारी वेळ उसाच्या म्यानाला पुरणार नाही, आणि उसाची वेळ हरळीच्या आतलं सगळं मारून टाकेल.

आधी द्रावणं. अल्कोहोल ७० टक्के. '१०० टक्के जास्त जोरदार' हा समज चुकीचा आहे. प्रथिनं मोडायला पाणी लागतं. ९५ टक्क्यांच्या स्पिरिटचे ७४ मिलि घेऊन १०० मिलिपर्यंत पाणी घाला. हायपोक्लोराइटच्या बाटलीवर उपलब्ध क्लोरीन ४ टक्के असेल तर तेवढंच पाणी घालून २ टक्के होईल. वापरायच्या वेळीच करा. बाटली उघडली ती तारीख मार्करनं लिहा, कारण ऊन आणि उष्णतेत ते कमजोर होत जातं. मी एकदा दुकानातून स्वस्तात आणलेली, खिडकीत ठेवलेली बाटली वापरून तीन आठवडे स्वतःच्या हातांना दोष देत होतो. दोष बाटलीचा होता. द्रावणात ट्वीन-२० चा (साबणासारखं ओलं करणारं द्रव्य) एक थेंब टाका. मेणावरून थेंब घरंगळतो, त्याशिवाय द्रावण पानाला भिजवतच नाही.

खबरदार: हायपोक्लोराइट आणि आम्ल, त्यात संडास साफ करायचं लिक्विडही आलं, एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. अल्कोहोल आणि हायपोक्लोराइटही एका बीकरमध्ये मिसळू नका, टाकाऊ द्रावणासाठी दोन वेगळी भांडी ठेवा. आणि अल्कोहोलचं बीकर दिव्यापासून हातभर लांब.

आता चाचणी. मुख्य प्रयोगाच्या आधी, त्याच गवताचे पंचवीस-तीस तुकडे घेऊन पाच गट करा: हायपोक्लोराइटमध्ये १, २, ३, ५ आणि ८ मिनिटं. बाकी सगळं सारखं. प्रत्येक गटाचा तुकडा कापण्याआधी कोऱ्या पीडीए प्लेटवर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, एक मिनिट ठेवा, उचला. याला ठसा-चाचणी म्हणू. मग तोच तुकडा टोकं छाटून, कापून दुसऱ्या प्लेटवर लावा.

चार-पाच दिवसांनी दोन प्लेटा शेजारी ठेवून बघा. ठशावर बुरशी, तुकड्यातूनही बुरशी: वेळ कमी पडली. ठसा कोरा, तुकड्यातून बुरशी: हवी ती वेळ. ठसा कोरा, तुकडाही कोरा: बहुधा वेळ जास्त झाली, एक पायरी खाली या. ठसा कोरा राहिला अशी सर्वांत कमी वेळ निवडायची. सर्वांत जास्त नव्हे. 'आणखी दोन मिनिटं ठेवू, सुरक्षित' म्हणणारे स्वतःच्याच निकालाचा गळा दाबतात.

ही चाचणी आठवडा खाते. ज्यांच्याकडं हा आठवडा नाही त्यांनी विषय बदलावा, असं माझं स्पष्ट मत.

टप्पा ६: प्रत्यक्ष निर्जंतुकीकरण

लॅमिनार (गाळलेल्या हवेचं काम करायचं कपाट) अर्धा तास आधी चालू. क्रम असा, आणि तो बदलायचा नाही:

अल्कोहोल ७० टक्के, १ मिनिट. हे मेण सैल करतं, बुडबुडे काढतं.
हायपोक्लोराइट, टप्पा ५ मध्ये ठरलेली वेळ. हलवत राहा, तुकडे तरंगू देऊ नका.
अल्कोहोल ७० टक्के, ३० सेकंद.
निर्जंतुक पाणी तीन वेळा, दर वेळी १ मिनिट, दर वेळी नवं बीकर.

तिसऱ्या धुण्याचं पाणी फेकू नका. त्यातलं ०.१ मिलि एका प्लेटवर पसरा. पण फक्त या प्लेटवर भरवसा ठेवू नका. पानाला घट्ट चिकटून बसलेला बीजाणू पाण्यात उतरतच नाही, पाणी स्वच्छ आणि पान घाण असं होऊ शकतं. म्हणून ठसा-चाचणी मुख्य, पाण्याची प्लेट तिची साक्षीदार.

चिमटा प्रत्येक झाडानंतर अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरा, मग पाच सेकंद थंड होऊ द्या. गरम चिमट्यानं धरलेला तुकडा म्हणजे भाजलेलं वांगं.

टप्पा ७: लावणं

निर्जंतुक टिपकागदावर तुकडे कोरडे करा. ओला तुकडा माध्यमावर जिवाणूंचा ओघळ सोडतो. प्रत्येक झाडाच्या निदान दोन तुकड्यांचा ठसा घ्या. मग दोन्ही टोकांचे अर्धा-अर्धा सेंटिमीटर छाटा, उरलेल्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करा. प्लेटमध्ये चार-पाच, त्याहून जास्त नकोत. कापलेली बाजू माध्यमाला टेकली पाहिजे, कारण आतली बुरशी तिथूनच बाहेर येणार.

आणखी एक प्लेट: लॅमिनारमध्ये काम चालू असेपर्यंत उघडी ठेवलेली, कोरी. हवेचा कंट्रोल. ऑक्टोबरनंतर गुऱ्हाळं पेटली, चिपाडाचे ढीग लागले, की आसपासच्या हवेत काय काय उडतं ते ही प्लेट सांगते.

पॅराफिल्मनं (ताणली जाणारी मेणाची पट्टी) बंद करा, २५ ते २८ अंशांना, तीन आठवडे. पाचव्या दिवशी 'काही आलं नाही' म्हणून फेकू नका. हळू वाढणाऱ्या बुरश्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं काढतात, आणि बऱ्याचदा त्याच कामाच्या असतात.

टप्पा ८: रोज बघणं, वेगळं करणं

रोज ठरलेल्या वेळी, प्लेट न उघडता, खालून बघा. बुरशी कुठून निघाली हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसतं, नंतर सगळं झाकून जातं. कापलेल्या तोंडातून निघाली तर ठीक. तुकड्याच्या पाठीवरून, मधूनच निघाली तर वहीत प्रश्नचिन्ह. तुकड्यापासून लांब माध्यमावर उगवली तर ती मोजायचीच नाही.

तंतू दोन-तीन मिलिमीटर बाहेर आले की कडेचं टोक, अगरच्या बारीक चौकोनासकट, नव्या प्लेटवर न्या. मधला, बीजाणू धरलेला हिरवा-काळा भाग उचलू नका. बीजाणू उडून सगळीकडं बसतात, आणि एका बुरशीच्या जागी तीन मिळतात.

खबरदार: प्लेट उघडून वास घेण्याची सवय मोडा. ॲस्परजिलसचे बीजाणू फुप्फुसाला चांगले नाहीत, आणि बऱ्याच फ्युजॅरियम विष तयार करतात.

टप्पा ९: आकडे

ज्या तुकड्यांतून बुरशी आली ते, भागिले लावलेले एकूण तुकडे, गुणिले शंभर. साठपैकी एकवीस आले तर ३५ टक्के. पण ज्या झाडाचा ठसा घाण निघाला, त्या झाडाचे सगळे तुकडे वर-खाली दोन्हीकडून वगळायचे. मन कचरतं, मला ठाऊक आहे. एका मुलीचे साठातले चोवीस असे गेले, ती रडकुंडीला आली. पण उरलेल्या छत्तिसांवर बोट ठेवायला परीक्षकांना जागा सापडली नाही.

ठशाच्या प्लेटचा फोटो अहवालात लावा. तुकड्यांच्या रंगीबेरंगी प्लेटांपेक्षा तो कोरा फोटो जास्त बोलतो.

टप्पा १०: सूक्ष्मदर्शकाखाली खात्री

प्लेट सांगते की बुरशी होती. ती गवतात कुठं होती हे फक्त सूक्ष्मदर्शक सांगतो. ताजं म्यान घ्या, आतली बाजू वर. ब्लेडनं हलकी आडवी चीर द्या, चिमट्यानं पारदर्शक पापुद्रा ओढा. स्लाइडवर लॅक्टिक आम्लातला ॲनिलिन ब्लू, वर कव्हरस्लिप, किंचित ऊब, मग ४०० पट.

फेस्क्यूत तंतू पेशींच्या मधून, पानाच्या लांबीला धरून, क्वचितच फाटे फुटत जातात. आपल्या गवतांत असं सुबक चित्र सहसा मिळत नाही. थोडे, तुटक, जागोजागी. पेशीभित्तीच्या सरळ रेषांना तंतू समजू नका. तंतू निळा रंग धरतो, वळणं घेतो, मध्ये आडपडदे दिसतात. फोकस वर-खाली करून तो पेशींच्या पातळीत आहे का वर तरंगतोय ते बघा. जाड पापुद्रा १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये निवळून घ्यावा लागतो. हातमोजे घाला, ते कातडी खातं.

टप्पा ११: नाव

बीजाणू दिसले तर प्रजातीपर्यंत (स्पीशीज) नाही, पण वंशापर्यंत (जीनस) जाता येतं. कर्व्ह्युलॅरियाचे वाकडे, मधली पेशी फुगलेली. निग्रोस्पोराचे काळे, गोल, चकचकीत. बीजाणू न धरणाऱ्या पांढऱ्या बुरशीला 'अनोळखी १' म्हणणं हे 'फ्युजॅरियम असावी' म्हणण्यापेक्षा प्रामाणिक. डीएनएचा आयटीएस भाग (बुरशी ओळखायला नेहमी वापरतात तो) वाचून घेतला तरी फ्युजॅरियम आणि कोलेटोट्रायकममध्ये तो एकटा पुरत नाही. फ्युजॅरियमसाठी टीईएफ-१ हा जीनही लागतो. संगणकावर पहिलं आलेलं नाव उतरवून काढणं म्हणजे ओळख नव्हे.

टप्पा १२: 'सहजीवन' लिहायचं असेल तर

इथपर्यंत तुम्ही एवढंच दाखवलंय की बुरशी आत राहत होती. ती गवताचं भलं करते की नुसती भाडं न देता राहते, हे नाही. त्यासाठी ती परत झाडात घालावी लागते.

रोपं बियांपासून करा, ज्वारी किंवा नाचणी सोपी. बियांतही स्वतःच्या बुरश्या असतात, म्हणून निर्जंतुक केलेल्या बियांपैकी काही पीडीएवर लावून आधी तपासा. निर्जंतुक मातीत दहा कुंड्या बुरशीच्या, दहा नुसत्या पाण्याच्या. मिलिलिटरला सुमारे दहा लाख बीजाणूंचं द्रावण, हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीसाठी रेघा आखलेली काच) मोजून. तीन आठवड्यांनी दोन्ही गटांतून पुन्हा टप्पा ४ ते ८. बुरशी घातलेल्यांतून तीच परत आली आणि पाणीवाल्यांतून आली नाही, तरच पुढचं वजन-उंची मोजण्यात अर्थ.

लाडात वाढवलेल्या कुंडीत फरक दिसला नाही तर खचू नका. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या तापलेल्या जमिनीतलं एक गवत आणि त्यातली कर्व्ह्युलॅरिया मिळून ६५ अंशांच्या मातीत तगतात, एकेकटी ४० च्या पुढं टिकत नाहीत. २००७ मध्ये दिसलं की त्या बुरशीत एक विषाणू नसेल तर ही सोयही चालत नाही. ताण दिल्याशिवाय ही दोस्ती दिसली नसती. म्हणून अर्ध्या कुंड्यांचं पाणी आठवडाभर तोडा, आणि तो आठवडा कोणता ते आधीच वहीत लिहून ठेवा, निकाल बघून नाही.

काम संपल्यावर

शुद्ध बुरश्या तिरप्या नळ्यांत, ४ अंशांना, प्रत्येकीच्या दोन नळ्या, दोन वेगळ्या फ्रिजमध्ये. सहा महिन्यांनी नव्या नळीत न्या. बाकी प्लेटा पॅराफिल्म न काढता ऑटोक्लेव्हच्या पिशवीत, १२१ अंश, ३० मिनिटं, मग कचऱ्यात. कुंड्यांची मातीही तशीच, कॉलेजच्या बागेत ओतायची नाही. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तिथलीच हरळी उपटून आणणार आहे.